'आज काहीही बदलायचं नाही' म्हणणारे डॉक्टर

प्रिय डॉक्टर,

माझ्या आईला, वय ६३, निमोनिया झाला आणि दोन दिवसांत तो दोन्ही फुफ्फुसांत पसरला. आज व्हेंटिलेटरवरचा तिचा नववा दिवस. मूत्रपिंडांवरही ताण आलाय म्हणतात. आयसीयूची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे ते छातीचे डॉक्टर आहेत, वय चाळिशीच्या आसपास. माझ्या मोठ्या भावाने त्यांची माहिती शोधून काढली. मेडिसिन, फुफ्फुसविकार, क्रिटिकल केअर, निद्राविकार, कसली कसली फेलोशिप, अशी रांगच आहे. आम्हाला त्यातलं काही कळत नाही. दादा म्हणतो, मूत्रपिंडं बिघडलीत तर छातीच्या डॉक्टरकडे का ठेवायचं? आणि एवढ्या तरुण माणसाकडे? हे डॉक्टर सकाळी येतात, मशीनकडे बराच वेळ बघत राहतात आणि परवा तर म्हणाले, "आज काहीही बदलायचं नाही." दिवसाचे सोळा-सोळा तास आईला पालथं झोपवतात. बघवत नाही. काल त्यांनी मला विचारलं, आई आजारापूर्वी किती चालायच्या, जिना चढताना दम लागायचा का, त्यांचा दिवस कसा जायचा, त्यांना काय आवडतं. आई अशा अवस्थेत असताना ही विचारायची वेळ आहे का? मी रागाने उत्तरच दिलं नाही.

डॉक्टरांची पार्श्वभूमी बघून आई योग्य हातात आहे की नाही, हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं? थेट विचारलं तर ते दुखावतील आणि त्याचा परिणाम आईवर होईल, अशी भीती वाटते.

— एक लेक

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुम्ही उद्या सकाळी पुन्हा त्या दारासमोर उभ्या असाल. विचारा. अगदी थेट विचारा. "तुमचं शिक्षण कशात झालं, आयसीयूचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, आईसारखे रुग्ण तुम्ही सांभाळले आहेत का?" मी फुफ्फुसविकार आणि अतिदक्षता याच शाखेत तीस वर्षं काम केलं आणि हा प्रश्न मला कितीतरी नातेवाइकांनी विचारला. कुणी हळू आवाजात, कुणी चिडून. चिडलेल्यांचाही राग आला नाही, कारण त्या दाराबाहेर नऊ दिवस उभं राहणं काय असतं ते रोज बघत होते. ज्यांनी हे काम मनापासून केलंय त्यांना या प्रश्नाने काही टोचत नाही. क्वचित कुणी दुखावलाच, तरी आतल्या सिस्टर, रेसिडेंट, फिजिओथेरपिस्ट यांचं काम त्यामुळे बदलत नाही.

तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही. त्यांचे उपचार बरोबरच चाललेत असं इथे बसून मी सांगू शकत नाही. पण दादांना सापडलेल्या त्या रांगेचा अर्थ काय आणि तुम्हाला खटकलेल्या गोष्टींचा त्या रांगेशी काय संबंध आहे, ते मात्र सांगू शकते.

रांगेतला पहिला शब्द मेडिसिन. या शाखेचे बरेच डॉक्टर वैद्यकीय पदवीनंतर सरळ फुफ्फुसांकडे वळत नाहीत. देशादेशांत वाटा वेगळ्या आहेत, पण घडण साधारण सारखी. अमेरिकेत आधी तीन वर्षं जनरल मेडिसिन, म्हणजे हृदय, यकृत, मूत्रपिंड, मधुमेह, जंतुसंसर्ग सगळं. त्यानंतर बहुतेक जण फुफ्फुसविकार आणि क्रिटिकल केअर एकत्र असलेली तीन वर्षांची फेलोशिप करतात. भारतात तीन वर्षांच्या एमडीनंतर पल्मनरी अँड क्रिटिकल केअरची डीएम ही आणखी तीन वर्षांची पदवी आहे. तिथे एमडी मेडिसिनचंही असू शकतं, श्वसनविकारांचंही. दोन्हीकडे मूळ वैद्यकीय पदवीच्या वर सहा वर्षं झाली. हे सगळं संपतं तेव्हा माणसाची तिशी उलटलेली असते. म्हणजे चाळिशीतल्या तुमच्या डॉक्टरांनी हा रस्ता पुरा चालला असेल, तर त्यानंतरही काही वर्षं त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर आयसीयू सांभाळला असणार. दादांना सांगा, आयसीयूसाठी हे वय कमी नाही. शिकलेलं अजून ताजं आहे आणि चुका होताना पाहूनही झाल्या आहेत.

आता दादांचा दुसरा मुद्दा: छातीच्या डॉक्टरकडे आयसीयू कसा? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर इतिहासात आहे.

फुफ्फुसविकाराची शाखा क्षयरोगातून जन्मली. पूर्वी या डॉक्टरांचं आयुष्य सॅनेटोरियममध्ये, वर्षानुवर्षं झोपून असलेल्या क्षयरुग्णांमध्ये जायचं. अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांची मोठी संघटना १९०५ मध्ये सुरू झाली ती सॅनेटोरियमवाल्यांची संघटना म्हणून. तिचं नियतकालिक १९१७ मध्ये निघालं, त्याच्या नावात क्षयरोग होता. पुढे औषधांनी क्षय बरा होऊ लागला, सॅनेटोरियमं ओस पडत गेली, तेव्हा त्या नावात क्षयरोगाच्या जागी श्वसनविकार आले. १९९४ पासून त्याच नियतकालिकाच्या नावात 'क्रिटिकल केअर' हे शब्दही आहेत. एकाच मासिकाच्या बदलत्या नावांमध्ये आमच्या पेशाची अख्खी वाटचाल दिसते.

दुसरा धागा कोपनहेगनचा आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची भयंकर साथ आली. पोलिओने श्वासाचे स्नायू लुळे पडत. ब्लेगडॅम रुग्णालयात तेव्हा 'लोखंडी फुफ्फुस' म्हणतात ती, रुग्णाला आत ठेवून श्वास द्यायची, एकच मोठी पेटी होती आणि छातीवर बसवायची सहा छोटी यंत्रं. पहिल्या काही आठवड्यांत या यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. मग ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचवलं की ऑपरेशनच्या टेबलावर आम्ही करतो तेच इथे करू: गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालू आणि रबरी फुगा दाबून हवा आत ढकलू. यंत्रं नव्हती, म्हणून वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावलं. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस खाटेशेजारी बसले आणि हाताने श्वास देत राहिले. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९५३ मध्ये, इब्सेन यांनी त्याच शहरात अशा रुग्णांसाठी कायमचा विभाग सुरू केला. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथे मानतात.

माझ्या डोळ्यांसमोर अजूनही ते विद्यार्थी येतात. आपला हात थांबला तर समोरचं मूल थांबेल, हे माहीत असलेली विशीतली मुलं. हे काम मुळात असंच आहे: खाटेजवळ थांबायचं आणि दुसऱ्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवायचं. म्हणून आजही काही देशांत आयसीयू मुख्यतः भूलतज्ज्ञ सांभाळतात, काही ठिकाणी फुफ्फुसतज्ज्ञ, तर कुठे अतिदक्षता ही पहिल्यापासून वेगळीच शाखा आहे. वाट कुठली ते कमी महत्त्वाचं. आयसीयूचं वेगळं, पुरेशा वर्षांचं प्रशिक्षण झालंय का, हे महत्त्वाचं. तुमच्या डॉक्टरांच्या रांगेत 'क्रिटिकल केअर' आहे. ते नेमकं कुठलं, किती काळाचं, एवढंच विचारायचं उरतं. पूर्णवेळ राहून केलेलं दोन-तीन वर्षांचं प्रशिक्षण आणि चार दिवसांची कार्यशाळा, दोन्हींचे कागद भिंतीवर सारखेच दिसतात.

मूत्रपिंडांचं म्हणाल तर दादांची काळजी योग्य आहे, पण त्यातून ते काढतात तो निष्कर्ष उलटा आहे. दोन्ही फुफ्फुसं अशी भरतात तेव्हा तो एका अवयवाचा आजार उरत नाही. फुफ्फुसांना वाटतं शरीरात पाणी कमी असावं, कारण जादा पाणी त्यांच्यातच झिरपतं. मूत्रपिंडांना रक्ताचा ओघ हवा असतो. एकाला सांभाळताना दुसरं बिघडू नये, यासाठी दोन्हींकडे एकाच वेळी बघणारा माणूस लागतो. २००६ मध्ये एक हजार रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सलाइन हात राखून दिलेल्या रुग्णांचं व्हेंटिलेटर लवकर सुटलं, आणि धास्ती होती तसं मूत्रपिंडांचं नुकसान वाढलं नाही. हा हिशेब रोज, कधी दर तासाला करावा लागतो. मूत्रपिंडाचे डॉक्टर यायलाच हवेत, डायलिसिसचा निर्णय त्यांच्या सल्ल्याने व्हायला हवा. ते येऊन गेले का, हे जरूर विचारा. पण सगळ्या अवयवांचा ताळेबंद एकाच ठिकाणी ठेवणारा डॉक्टर हवाच, आणि त्यासाठीच तर त्यांनी आधी मेडिसिन केलं आहे.

आता त्या वाक्याकडे येते, जे तुमच्या मनात सलतंय. "आज काहीही बदलायचं नाही."

तुमच्या आईंना जे झालंय असं वाटतं, त्याला एआरडीएस म्हणतात. १९६७ मध्ये डेन्व्हरच्या डॉक्टरांनी बारा रुग्णांचं वर्णन छापलं तेव्हा या आजाराला ओळख मिळाली. फुफ्फुसांचा मोठा भाग पाण्याने आणि सुजेने बंद पडतो, उघडा राहतो तो थोडासाच. त्या थोड्या भागाला सगळा श्वास पेलायचा असतो.

मी १९९७ साली शिकत होते. तेव्हा व्हेंटिलेटरवर प्रत्येक श्वासाला किलोमागे दहा ते पंधरा मिलिलिटर हवा द्यायची पद्धत होती. रक्तातले ऑक्सिजनचे आणि कार्बन डायऑक्साइडचे आकडे नीट आले की काम नीट झालं, असं आम्ही मानत होतो. एका रात्री माझ्याकडे विशीतला एक मुलगा होता, असाच दोन्ही फुफ्फुसं भरलेला. रात्रभर मी मशीनचे आकडे वाढवत राहिले. पहाटेचा एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंचा अहवाल, इतका सुरेख आला की मी बाहेर जाऊन त्याच्या आईला सांगितलं, आज बरं आहे. तिने माझे दोन्ही हात धरले. दोन दिवसांनी त्याचं फुफ्फुस फुटलं, छातीत हवा साठली, नळी घालावी लागली आणि पुढच्या आठवड्यात तो गेला. माझ्यामुळेच गेला, असं खात्रीने म्हणता येणार नाही. तेव्हा सगळे तसंच करत होते. पण त्या बाईंच्या हातांचा स्पर्श मी विसरलेले नाही.

२००० साली अमेरिकेतल्या अनेक आयसीयूंनी मिळून केलेला ८६१ रुग्णांचा अभ्यास आला. निम्म्यांना जुन्या पद्धतीने किलोमागे १२ मिलिलिटर हवा, निम्म्यांना फक्त ६. पहिल्या गटात सुमारे ४० टक्के दगावले, दुसऱ्यात ३१ टक्के. यात मला सगळ्यात जास्त हलवून गेली ती गोष्ट वेगळीच होती. सुरुवातीच्या दिवसांत कमी हवा दिलेल्या गटाचे ऑक्सिजनचे आकडे जास्त वाईट होते. आकडे वाईट, आणि माणसं जास्त वाचली. त्या रात्री मी ज्या आकड्यासाठी जीव टाकला होता, तोच आकडा मला चुकीच्या वाटेने नेत होता.

तेव्हापासून या शाखेच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग हात आवरायला शिकण्यात जातो. बटण फिरवून आकडा सजवणं सोपं असतं. दुखावलेल्या फुफ्फुसाला कमीत कमी ताण देऊन वेळ मिळवून देणं, थोडा वाईट आकडा सहन करणं, नातेवाइकांच्या नजरा झेलत "आज हेच बरोबर आहे" असं म्हणणं अवघड असतं. डॉक्टर मशीनकडे बराच वेळ बघतात म्हणता ना, तेव्हा नीट पाहा. श्वास आत गेल्यावर ते क्षणभर एक बटण दाबून मशीन थांबवतात का? त्या क्षणाला आतला दाब कळतो. तो ३० च्या खाली ठेवण्याची धडपड असते. आईंचा स्वतःचा श्वास आणि मशीनचा श्वास भांडत तर नाहीत ना, हे ते पडद्यावरच्या रेषांमध्ये शोधत असतात. बाहेरून ते नुसतं उभं राहणं दिसतं.

इथे तुम्हाला विचारता येईल असा एक साधा प्रश्न देते: "आईची उंची मोजली होती का?" किती हवा द्यायची ते प्रत्यक्ष वजनावर नाही, उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरतं, कारण माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुसं वाढत नाहीत. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचं हिशेबातलं वजन येतं साधारण ४८ किलो. म्हणजे एका श्वासाला २९० मिलिलिटरच्या आसपास. तिचं खरं वजन ७५ किलो असेल आणि कुणी तेच धरलं, तर प्रत्येक श्वासाला ४५० जातील. जिथे टेप लावून उंची मोजली जाते, तिथे बाकीच्या गोष्टीही काळजीने होत असण्याची शक्यता जास्त, हा माझा अनुभव आहे.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'काही बदलायचं नाही' हे शिकलेल्या डॉक्टरांचं वाक्य असतं, तसं ते लक्ष नसलेल्या डॉक्टरांचंही असू शकतं. दोघांतला फरक ओळखायचा तर विचारा, "आपण कशाची वाट बघतोय? किती दिवस बघणार? काय दिसलं तर मार्ग बदलाल?" ज्यांना आपण काय करतोय हे ठाऊक आहे, ते एका मिनिटात सांगतील: अमुक इतका ऑक्सिजन कमी करता आला की पालथं झोपवणं थांबवू, ताप पुन्हा आला तर नव्याने नमुने पाठवू, अमुक दिवसांत नळी निघाली नाही तर ट्रेकिऑस्टॉमीबद्दल, म्हणजे गळ्याला छेद देऊन नळी घालण्याबद्दल, बोलू. ज्यांना ठाऊक नाही, ते "बघू" म्हणून पुढे जातील. पदव्यांपेक्षा या उत्तरावर जास्त विश्वास ठेवा.

पालथं झोपवणं बघवत नाही, हे मला कळतं. चेहरा सुजतो, तोंड एका बाजूला दबलेलं असतं, आपलं माणूस ओळखू येत नाही. तरी नजर चुकवू नका. उताणं झोपल्यावर फुफ्फुसांचा पाठीकडचा भाग हृदयाच्या आणि सुजेच्या भाराखाली मिटतो. पालथं केलं की तो उघडायला लागतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः फ्रान्समध्ये केलेल्या अभ्यासात एआरडीएसचे ४६६ गंभीर रुग्ण होते. रोज सलग सोळा तास पालथं ठेवलेल्यांपैकी २८ दिवसांत १६ टक्के गेले, नेहमीसारखं झोपवलेल्यांपैकी जवळजवळ ३३ टक्के. तुमच्या डॉक्टरांचे सोळा तास मनाला येईल तसे ठरलेले नाहीत. याच अभ्यासाचा आणखी एक तपशील तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. त्यात भाग घेतलेल्या सगळ्या आयसीयूंना रुग्ण पालथे करण्याचा पाच वर्षांहून जास्त सराव होता. नळ्या, सलाइन, घशातली नळी सांभाळत माणूस पालटायला चार-पाच जण लागतात आणि घशातली नळी निसटली तर जिवावर बेततं. म्हणजे पार्श्वभूमी फक्त डॉक्टरांची बघून भागत नाही. विचारा, "इथल्या टीमने हे आधी किती वेळा केलंय?"

दादांच्या शोधात हे सापडणार नाही. रात्री तीन वाजता कोण असतं? तो डॉक्टर आयसीयूचा अनुभवी आहे का, आणि मुख्य डॉक्टर किती वेळात पोचतात? एका सिस्टरकडे किती रुग्ण? २००६ मध्ये मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंचा अनुभव प्रसिद्ध झाला. मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून होणारा जंतुसंसर्ग त्यांनी पाच साध्या गोष्टी कटाक्षाने पाळून खूप कमी केला: हात धुणं, नळी घालताना पूर्ण निर्जंतुक आच्छादन, योग्य द्रावणाने त्वचा पुसणं, जांघेतली शीर शक्यतो टाळणं आणि गरज संपताच नळी काढणं. यात कुठली नवी पदवी नव्हती. तुमच्या आईंच्या खाटेजवळ जाणारा प्रत्येक जण हात धुतो का, हे तुम्ही काचेतूनही पाहू शकता.

रांगेतलं उरलेलं भराभर सांगते. निद्राविकार हा याच शाखेला जोडून शिकला जाणारा विषय आहे, घोरणं आणि झोपेत श्वास थांबणं यांचा. तो असला म्हणून बिघडत नाही, आत्ता तुम्हाला त्याचा उपयोगही नाही. 'फेलो' या शब्दाने मात्र गोंधळ होतो. एक फेलोशिप म्हणजे दोन-तीन वर्षं राबून घेतलेलं प्रशिक्षण. दुसरी म्हणजे व्यावसायिक संस्थेने दिलेला सन्मान, उदाहरणार्थ एफसीसीपी. ती चांगलीच गोष्ट, पण तिला प्रशिक्षण समजू नये. शोधनिबंधांची लांब यादी पाहून भारावू नका आणि ती नाही म्हणून खट्टूही होऊ नका. माझे सगळ्यात चांगले सहकारी फारसे लिहीत नव्हते. एक जागा मात्र बघण्यासारखी असते: शेवटचं प्रशिक्षण, परीक्षा किंवा नूतनीकरण कधीचं आहे. मी जे १९९७ मध्ये शिकले ते २००० मध्ये चूक ठरलं. या शाखेत शिकणं थांबवलेला डॉक्टर कितीही ज्येष्ठ असला तरी मला त्याची भीती वाटते.

दुसरं मत घ्यावंसं वाटत असेल तर घ्या. फक्त ते लपून घेऊ नका. कागदांचे फोटो काढून कुणाला तरी पाठवले की अर्धवट माहितीवर अर्धवट मत मिळतं आणि घरात भांडण वाढतं. डॉक्टरांना सांगा, "आमचा तुमच्यावर राग नाही, पण दादाचं समाधान होत नाही. याच विषयातल्या आणखी एका तज्ज्ञांशी तुम्ही बोलाल का?" डॉक्टर डॉक्टरांशी बोलले की मशीनचे आकडे, एक्स-रे, जंतूंचे अहवाल सगळं समोर असतं. मी स्वतः अशा रुग्णांसाठी दुसऱ्यांना फोन केले आहेत, कुणी न सांगताही. दुसऱ्या ठिकाणी हलवण्याचा विचार मात्र घाईने करू नका. पालथं झोपवावं लागतंय इतक्या आजारी रुग्णाला हलवणं धोक्याचं असतं. इथे नसलेली एखादी सोय तिथे असेल, आणि ती आईंना खरंच लागणार असेल, तरच तो धोका पत्करावा. ते ठरवायलाही तुम्हाला हेच डॉक्टर लागतील.

आणि आता तो प्रश्न, ज्याला तुम्ही उत्तर दिलं नाहीत. आई किती चालायच्या, जिना चढताना दम लागायचा का, दिवस कसा जायचा, काय आवडतं.

ताई, तुमच्या पत्रातल्या याच ओळीशी मी थांबले. पहिल्या दोन प्रश्नांवरून फुफ्फुसांत आणि हृदयात आधीची किती ताकद होती ते कळतं. आईंना किती दूरवर परत आणता येईल याचा अंदाज त्यावर बांधता येतो. पुढचे दोन प्रश्न त्याहून अवघड. आयसीयूतून वाचून बाहेर पडलेल्या कितीतरी जणांचे हातपाय महिनोन्महिने कमकुवत राहतात, विसराळूपणा येतो, झोपेत भीतीची स्वप्नं पडतात. हे आम्ही फार उशिरा, रुग्ण घरी गेल्यावर त्यांच्याशी बोलून शिकलो. ज्या डॉक्टरांनी तेही शिकून घेतलंय, ते रुग्णाला कुठल्या आयुष्याकडे परत न्यायचंय हे आधी विचारून ठेवतात. पुढे एखादा कठीण निर्णय आलाच, तर तो तुमच्या आईंच्या मनाचा असावा, म्हणूनही विचारतात. हे प्रश्न कुठल्याच रांगेत लिहिलेले नसतात. त्यांच्यावरूनच मला वाटलं की या माणसाला कुणीतरी नीट शिकवलं आहे.

तेव्हा उद्या त्यांना थोडा वेळ मागा आणि सविस्तर सांगा. किती चालायच्या, किती वाजता उठायच्या, कुणाशी बोलताना खुलायच्या. चष्मा लागत असेल तर तो सिस्टरकडे देऊन ठेवा, कानाला यंत्र असेल तर तेही. गुंगीचं औषध कमी करतील तेव्हा डोळे उघडल्यावर आईंना समोरचं स्वच्छ दिसलं, ऐकू आलं, तर घाबरगुंडी कमी होते. कुठल्या कानाने नीट ऐकू येतं ते सांगा. घरात त्यांना काय हाक मारतात ते सांगा, म्हणजे सिस्टर त्याच नावाने हाक मारतील. आत सोडतील तेव्हा आईंच्या कानाशी जाऊन तुमचं नाव सांगा, आज कुठला वार आहे ते सांगा, दादा आलाय ते सांगा. आणि दादांनाही एकदा आत जाऊ द्या. बाहेर बसून शोधत राहण्यापेक्षा त्यांना आईचा हात धरून बसता आलं तर बरं वाटेल.

आईंची तब्येत कशी आहे ते मला कळवा. मी वाट बघते आहे.